स्मिथ : गावातल्या एकुलत्या लोहाराचे आडनाव लाखोंचे कसे झाले

इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या चारही देशांत सर्वाधिक आढळणारे आडनाव एकच आहे, ते म्हणजे स्मिथ. इंग्लंड आणि वेल्समधील जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांवरून तेथील नोंदणी खात्याने १८५३ सालासाठी जो अंदाज बांधला, त्यात स्मिथ आडनावाची अडीच लाखांहून अधिक माणसे निघाली, म्हणजे साधारण दर ७३ माणसांमागे एक. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे २४ लाख ४२ हजारांहून अधिक लोक मोजले गेले. स्मिथ म्हणजे लोहार, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असते. पण तेवढ्याने मूळ कोडे सुटत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक माणसे शेतीवर जगत होती आणि लोहार गावागणिक एखाद-दुसराच असे. मग ज्या धंद्यात माणसेच थोडी होती, त्या धंद्याचे आडनाव सर्वांत जास्त लोकांच्या वाट्याला कसे आले, आणि गावात सगळीकडे असणाऱ्या शेतकऱ्याच्या धंद्याचे आडनाव तसे का पसरले नाही?

याचे उत्तर आडनाव मुळात कशासाठी निर्माण झाले, यात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतरच्या दोनशे वर्षांत जुनी अँग्लो-सॅक्सन नावे हळूहळू मागे पडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन, टॉमस अशा मोजक्या नावांची इतकी चलती झाली की चौदाव्या शतकात निम्म्याहून अधिक पुरुष या चार-पाच नावांतच सामावले जात. एका गावात सहा जॉन असले की नुसत्या नावाने काम भागेना. जमीनदाराच्या कारकुनाला कोणाकडून किती खंड यायचा आहे हे लिहायचे असे, राजाच्या माणसांना कर गोळा करायचा असे, न्यायसभेला साक्षीदार कोण ते नोंदवायचे असे. म्हणून प्रत्येक जॉनच्या मागे त्याला इतर जॉनांपासून वेगळे काढणारी एखादी खूण जोडली जाऊ लागली. टेकडीजवळ राहणारा तो हिल, रॉबिनचा मुलगा तो रॉबिन्सन, सावळ्या रंगाचा किंवा तपकिरी केसांचा तो ब्राउन, आणि भात्यासमोर बसणारा तो स्मिथ. ठिकाण, बापाचे नाव, अंगची लकब आणि धंदा या चार वाटांनी इंग्रजी आडनावांचा बहुतेक साठा तयार झाला आहे.

वेगळे काढणे हेच या खुणेचे काम असल्यामुळे, जी गोष्ट सगळ्यांकडे आहे ती खूण म्हणून निरुपयोगी ठरते. गावातले सहाही जॉन शेती करीत असतील, तर 'शेतकरी जॉन' म्हटल्याने काहीच कळत नाही. 'लोहार जॉन' म्हटले की मात्र प्रश्न मिटतो, कारण लोहार एकच आहे आणि तो कोठे सापडेल हे पोराटोरांनाही माहीत आहे. शिवाय त्याच्यावाचून कोणाचे चालत नसे. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, घोड्यांचे नाल, दाराच्या बिजागऱ्या, गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव आणि खिळे या सगळ्यांसाठी त्याच्या दारात जावे लागे. असा माणूस जवळजवळ प्रत्येक गावात होता आणि प्रत्येक गावात एखादाच होता. त्या गावांनी एकमेकांना न विचारता आपापल्या लोहाराला एकच खूण दिली, आणि ही हजारो स्वतंत्र नामकरणे पुढे एकत्र मोजली गेली तेव्हा स्मिथ पहिल्या क्रमांकावर आला. इंग्रजीत फार्मर हे आडनाव आहे, परंतु ते तुलनेने थोडे आढळते आणि त्याचा मूळ अर्थही नांगरणारा असा नव्हता. ठरावीक रक्कम भरून कर किंवा महसूल गोळा करण्याचा मक्ता घेणाऱ्याला तेव्हा फार्मर म्हणत. असा मक्तेदार गावात वेगळा उठून दिसे, म्हणून त्याची खूण टिकली.

सुरुवातीला ही खूण माणसापुरती होती, घराण्याची नव्हती. लोहाराचा मुलगा सुतार झाला तर तो राइट म्हणून ओळखला जाऊ शकत असे. बाराव्या ते चौदाव्या शतकांत, आधी दक्षिणेकडे व श्रीमंत घरांत आणि मग उत्तरेकडे व गरिबांत, ही नावे बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी जाऊ लागली. १४१३ च्या एका कायद्याने काही प्रकारच्या न्यायालयीन कागदांत माणसाच्या नावासोबत त्याचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे बंधनकारक केले. या कायद्यातून बरेच उमगते, कारण आडनावात धंदा सांगितलेला असूनही धंदा वेगळा लिहावा लागत होता; म्हणजे तोवर स्मिथ नावाचा माणूस लोहार असेलच याची खात्री उरली नव्हती. पुढे १५३८ मध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम निघाला आणि आडनावे कागदावर पक्की झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे आपल्या बारा बलुतेदारांची आठवण होणे साहजिक आहे. लोहार, सुतार, कुंभार ही आपल्याकडेही आडनावे आहेत. तरीही दोन्हींत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे धंदा, जात आणि हक्काचे बलुते ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली होती, त्यामुळे नावावरून माणसाचे समाजातले स्थान ठरवले जाई आणि ते बदलणे त्याच्या हाती नसे. इंग्लंडमध्ये स्मिथ हे नाव मागे राहिले आणि धंदा सुटून गेला. स्मिथ नावाचा माणूस पाद्री, सावकार किंवा न्यायाधीश झाला तर त्याच्या आडनावाने कोणाच्या भुवया उंचावत नसत. सर्व समाजांतील आडनावांची एकमेकांशी सरसकट तुलना करणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. मुंबईच्या पारशी समाजातील इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट ही आडनावे इंग्रजी पद्धतीच्या अधिक जवळची आहेत, कारण ती इंग्रजी अमदानीतल्या नव्या व्यवसायांवरून घेतली गेली आणि पुढच्या पिढ्यांनी व्यवसाय बदलला तरी ती तशीच राहिली. फारूख इंजिनियर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर ही त्यांतली क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचलेली नावे.

आता खुद्द शब्दाकडे वळू. स्मिथ हा शब्द ठोकणे या अर्थाच्या 'स्माइट' या इंग्रजी क्रियापदापासून आला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते, कारण दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात आणि लोहार घण मारतो हे चित्रही त्याला जुळते. भाषाशास्त्र मात्र याला दुजोरा देत नाही. हा जुन्या जर्मानिक भाषाकुळातला स्वतंत्र शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'कसबाने वस्तू घडवणारा कारागीर' असा व्यापक होता; जुन्या इंग्रजीत तो कधी कधी लाकूडकाम करणाऱ्यालाही लावलेला आढळतो. पुढे तो धातूकामापुरता आक्रसला आणि मग धातूंनुसार त्याच्या शाखा झाल्या. काळ्या धातूचे, म्हणजे लोखंडाचे काम करणारा ब्लॅकस्मिथ, कथलाचे किंवा घासून चकचकीत केलेले काम करणारा व्हाइटस्मिथ, सोन्याचे काम करणारा गोल्डस्मिथ. काही आडनावांत तर कारागिराची नेमकी वस्तूच जपली गेली आहे. ॲरोस्मिथ बाणांची पाती घडवत असे, शूस्मिथ घोड्यांचे नाल, सिक्सस्मिथ विळे. सिक्सस्मिथमध्ये सहा या आकड्याचा काही संबंध नाही. विळ्याचा इंग्रजी शब्द बोलता बोलता झिजून तसा झाला आहे. १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ तयार करणारे जेम्स नायस्मिथ यांच्या आडनावात सुऱ्या घडवणारा कारागीर दडला आहे.

स्मिथ आणि स्मायथ ही वेगवेगळी घराणी असावीत, आणि दुसरे अधिक खानदानी असावे, असा समज इंग्रजी समाजात बराच काळ होता. मध्ययुगीन लेखनात एकच स्वर दोन अक्षरांनी लिहिण्याची मुभा होती आणि एकाच माणसाचे नाव एकाच कागदावर दोन प्रकारे लिहिलेले सापडते. त्यामुळे नुसत्या लेखनावरून उच्च-नीच ठरवण्याला आधार नाही. लोहारशाळेच्या शेजारी राहणाऱ्यालाही काही वेळा तीच खूण मिळाली, त्यातून स्मिथीज यासारखी आडनावे आली. जुन्या करनोंदी वाचताना आणखी एक अडचण येते. त्या बहुधा लॅटिनमध्ये लिहिलेल्या असत आणि कारकून लोहारासाठी 'फाबर' असे लिहीत, तर नॉर्मन फ्रेंच वापरणारा 'ल फेव्र' लिही. कागदावरचा योहानेस फाबर आपल्या गावात मात्र जॉन स्मिथच होता. उलट, स्मिथ हा उच्चार दिसला म्हणून तेथे लोहार होता असेही नाही. लंडनच्या मांस बाजारामुळे प्रसिद्ध असलेल्या स्मिथफील्डचा लोहारकामाशी संबंध नाही. ते नाव 'सपाट मैदान' या अर्थाच्या जुन्या शब्दांपासून बनले आहे.

गावातला एकुलता, सर्वांना लागणारा कारागीर ही स्थिती केवळ इंग्लंडची नव्हती, म्हणून हेच आडनाव वेगवेगळ्या वेषांत जगभर भेटते. जर्मनीत श्मिट, नेदरलँड्समध्ये स्मित, बेल्जियमच्या फ्लेमिश भागात द स्मेट, फ्रान्समध्ये लफेव्र आणि फाब्र, स्पेनमध्ये एरेरो, इटलीत फेरारी, पोलंडमध्ये कोवाल्स्की, हंगेरीत कोवाच, युक्रेनमध्ये कोवालेन्को, रशियात कुझनेत्सोव्ह, अरबी भाषकांत हद्दाद, तुर्कस्तानात देमिर्जी. मोटारींमुळे फेरारी हे नाव आपल्याकडे वेगाचे आणि श्रीमंतीचे प्रतीक झाले आहे. अर्थाने ते लोखंडकामाशी जोडलेले आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या गेलिक भाषेतही लोहारासाठी स्वतःचा शब्द होता आणि त्यावरून मॅकगोवन हे आडनाव, म्हणजे लोहाराचा मुलगा, तयार झाले.

आयर्लंडकडे वळलो की या आडनावाच्या इतिहासातला सक्तीचा भाग समोर येतो. १४६५ मध्ये, इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्या काळात, डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील प्रदेशात राहणाऱ्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घेतलेच पाहिजे असा कायदा झाला. एखाद्या नगराचे नाव, पांढरा, काळा, तपकिरी असा रंग, स्मिथ किंवा कार्पेंटर असा धंदा, नाहीतर कुक किंवा बटलर अशी चाकरी, एवढे पर्याय कायद्यानेच नमूद केले होते. या एका कायद्याने सगळे आयरिश रातोरात बदलले असे नाही. परंतु पुढच्या शतकांत इंग्रजी सत्ता जसजशी घट्ट होत गेली, तसतशी गेलिक आडनावांची भाषांतरे होत गेली आणि कॅव्हन परगण्यातील अनेक मॅकगोवन कुटुंबे स्मिथ झाली. त्यांच्या पूर्वजाचा धंदा नावात टिकला खरा, पण त्यांची भाषा त्या नावातून पुसली गेली. ही गोष्ट आडनावांच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते, याचे मला वाईट वाटते.

अमेरिकेत हीच प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर घडली. जर्मनीतून आलेले कितीतरी श्मिट शेजाऱ्यांना उच्चार सोपा जावा म्हणून स्मिथ झाले, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन नावाविषयी संशय वाढल्यावर आणखी काहींनी ते बदलले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकारी येणाऱ्यांची नावे मनाला येईल तशी बदलत, ही लोकप्रिय कथा मात्र खरी मानता येत नाही; ते अधिकारी जहाज कंपन्यांनी आधीच तयार केलेल्या याद्यांवरून तपासणी करीत असत, आणि बहुतेक बदल लोकांनी पुढे आपल्या सोयीने केले. गुलामगिरीत असलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांना कागदोपत्री बहुधा आडनावच दिले जात नसे. १८६५ नंतर मुक्त झालेल्या माणसांनी आडनावे नोंदवली, तेव्हा काहींनी जुन्या मालकाचे घेतले, काहींनी कुटुंबात आधीपासून गुपचूप चालत आलेले जाहीर केले, तर काहींनी स्वतः निवडले. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेतील स्मिथांपैकी सुमारे २३ टक्के लोकांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हटले आहे.

या सगळ्यामुळे दोन स्मिथ भेटले तर ते एकमेकांचे भाऊबंद असण्याची शक्यता दोन अनोळखी माणसांपेक्षा फारशी अधिक नसते. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासून हे दाखवून दिले आहे. ॲटनबरो यासारख्या विरळ आडनावाच्या बहुतेक पुरुषांत एकाच पूर्वजाकडे बोट दाखवणारा गुणसूत्राचा प्रकार सापडला; स्मिथांमध्ये मात्र एकूण लोकसंख्येत असते तितकीच विविधता आढळली. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावे वतनाच्या हुद्द्यांवरून गावोगावी स्वतंत्रपणे रुजली, म्हणून दोन कुलकर्णी नातलग असतील असे आपण गृहीत धरत नाही. त्यामागचे कारण हेच आहे. क्रिकेट पाहणाऱ्याला याचा दाखला सहज मिळेल. दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ, ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ, इंग्लंडचा रॉबिन स्मिथ आणि मुंबई इंडियन्सकडूनही खेळलेला बार्बाडोसचा ड्वेन स्मिथ यांची घराणी कोठेही एकत्र येत नाहीत. धावफलकावर त्यांना जी. सी., एस. पी. डी., आर. ए. आणि डी. आर. ही आद्याक्षरे जोडावी लागतात. जी खूण जॉनला वेगळे काढण्यासाठी लावली गेली, तिलाच आता दुसऱ्या खुणेची गरज पडते.

या आडनावाच्या नामांकित माणसांची यादी देण्यात अर्थ नाही, इतकी ती लांब होईल. पण दोघांविषयी सांगितले पाहिजे. पहिला ॲडम स्मिथ. १७७६ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात श्रमविभागणीचे महत्त्व पटवताना टाचणीच्या कारखान्यासोबत त्याने लोहाराचेही उदाहरण घेतले आहे. हातोडा चालवण्याची सवय असलेल्या, पण खिळे कधी न केलेल्या साध्या लोहाराला दिवसाला जेमतेम दोन-तीनशे खिळे जमतात, तेही वाईट. खिळे करण्याची सवय असलेला, पण इतरही कामे करणारा लोहार आठशे ते हजारापर्यंत जातो. आणि दुसरे काहीच न करणारी, विशीच्या आतली पोरे दिवसाला २,३०० हून अधिक खिळे पाडताना आपण पाहिली आहेत, असे तो लिहितो. हे वाचताना सगळी कामे एकट्याने करणाऱ्या गावच्या लोहाराचे दिवस कोठवर आले होते, ते स्वच्छ दिसते.

दुसरा जेम्स स्मिथसन. यॉर्कशायरचा सरदार ह्यू स्मिथसन याने उमराव घराण्यातील मुलीशी लग्न केले, आणि १७५० मध्ये सासरच्या वारशासोबत तिच्या घराण्याचे पर्सी हे प्रतिष्ठित आडनाव घेऊन आपले 'लोहारपुत्र' या अर्थाचे आडनाव सोडून दिले; पुढे तो नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झाला. त्याला एका विधवेपासून पॅरिसमध्ये विवाहबाह्य मुलगा झाला. तो मुलगा आईच्या मेसी या आडनावाने वाढला, रसायनशास्त्र आणि खनिजशास्त्रात त्याने नाव कमावले, आणि आई वारल्यावर, १८०० च्या सुमारास, बापाने टाकलेले स्मिथसन हे आडनाव त्याने घेतले. १८२९ मध्ये तो मरण पावला. पुतण्याला वारस न झाल्यास आपली सगळी संपत्ती अमेरिकेला द्यावी आणि वॉशिंग्टनमध्ये आपल्या नावाची ज्ञानप्रसारक संस्था स्थापावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. अमेरिकेत त्याने कधी पाऊलही ठेवले नव्हते. पुतण्या निपुत्रिक वारला, एक लाखाहून अधिक सोन्याची नाणी जहाजाने अमेरिकेला गेली आणि १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. जस्ताच्या एका खनिजालाही त्याच्यावरून स्मिथसोनाइट म्हणतात.

जॉन हे एकेकाळचे सर्वांत प्रचलित नाव आणि स्मिथ हे सर्वांत प्रचलित आडनाव, यांची जोडी तर ओळख लपवण्याच्या कामी येऊ लागली. कोऱ्या अर्जाचा नमुना भरून दाखवायचा असो किंवा हॉटेलच्या वहीत खरे नाव द्यायचे नसो, इंग्रजी भाषक जॉन स्मिथ लिहून मोकळे होतात. इतिहास लिहिणाऱ्यांना हीच गोष्ट जड जाते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातही तिचा अनुभव येतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्यावर चालून आलेला आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत, जेथे बापू गोखले धारातीर्थी पडले, इंग्रजी फौजेचा सेनापती असलेला अधिकारी म्हणजे जनरल लायोनेल स्मिथ. त्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी शिकारीला निघालेला आणखी एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघूर नदीच्या घळीत अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. त्याचेही आडनाव स्मिथ, आणि नाव जॉन. दहाव्या लेण्यातील एका खांबावरच्या चित्रावर त्याने आपले नाव कोरले. हा मजकूर आज उभ्या माणसाच्या नजरेच्या वर येतो, कारण तेव्हा लेण्यात साचलेल्या दगडमातीच्या थरावर तो उभा होता. प्राचीन चित्राची त्याने केलेली ही नासधूस क्षम्य नाही. नुसते 'जॉन स्मिथ' एवढेच कोरले असते, तर कंपनीच्या चाकरीतल्या कितीतरी जॉन स्मिथांपैकी हा कोण, हे कोणालाही सांगता आले नसते. त्याने नावाखाली आपली घोडदळाची तुकडी आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख लिहिली, आणि अभ्यासकांनी त्याचा माग काढला तो याच दोन गोष्टींवरून.